चौथ्या तोफेचा खड्डा

खिडकी लावून घ्या आणि जवळ बसा. लंडनमध्ये ईलिंगला राहणाऱ्या आपल्या सुचेताचा मुलगा कबीर आहे ना, त्याच्यावर गुदरलेलं सांगते. बनवलेलं नाही.

कबीर आठवडाभर बँकेत असतो आणि शनिवार-रविवार फौजेत जातो. रिझर्व्ह म्हणतात तसल्या फौजेला. त्याची तुकडी ड्रोन पाडायला शिकते. युद्धाच्या वेळी हीच तुकडी नॉटिंगहॅमकडच्या एका रानात काँक्रीटच्या खड्ड्यांत तोफा लावून बसली होती, कारण तिथे जमिनीतून तेल निघायचं आणि जर्मन विमानांपासून ते राखायचं होतं. पुढे तोफा गेल्या, क्षेपणास्त्रं आली, आता ड्रोन आले. तुकडीचा नंबर तेवढा तोच राहिला.

गेल्या नोव्हेंबरात, पंधरा तारखेला, शनिवारी ही मंडळी त्याच रानात सरावाला गेली. रात्री एकच्या सुमाराला सार्जंटबाई म्हणाली, "जनरेटरचं डिझेल संपत आलंय, मी घेऊन येते. तू रेडिओपाशी बस." साधं काम. राखणीच्या चौक्या तीन, आणि तिसरीवर तनिषा. मेडनहेडची पोर, जन्मही इकडचाच.

"कबीर, माझी बदली कधी येणार? माझा नाक गळून पडला."

"माझं नाक म्हण आधी. दहा मिनिटं. जागा सोडू नकोस."

"तू दर वेळी दहा मिनिट बोलतो."

एक चाळीसला रेडिओ पुन्हा खरखरला. पुरुषाचा आवाज, जुन्या वळणाचं इंग्रजी. "चौथी तोफ बोलतेय. आमची बदली कधी येणार?"

तनिषानंच कुणाला तरी पुढे केलंय, असं कबीरला वाटलं. तो हसत म्हणाला, "दहा मिनिटं. जागा सोडू नका."

"ठीक आहे, सर."

त्या 'सर'नं त्याला कसंसंच झालं. त्यानं तनिषाला विचारलं, "तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही रे. इथे कोण येणार, कोल्हा?"

एक पन्नासला परत तोच आवाज. "सर, टाकी पेटलीय. तेल उतारावरून आमच्याकडे येतंय. सहा जण आहोत. खड्डा सोडू का?"

कबीरनं तंबूचा पडदा सारला. रान काळंकुट्ट. कुठे ठिणगी नाही. पण रेडिओत जाळ ऐकू येत होता. घोंगावणारा. जवळ येणारा.

"सोडा. आत्ताच्या आत्ता बाहेर पडा."

"आजचा शब्द, सर?"

हे कबीरलाही शिकवलेलं होतं. थांबा म्हणायला काही लागत नाही. चौकी सोडायचा हुकूम आला, तर मात्र त्या दिवसाचा ठरलेला शब्द विचारायचा. न जाणो, शत्रूच फसवून उठवत असला तर? त्यानं त्या रात्रीचा शब्द सांगितला.



"हा आमचा शब्द नाही, सर."

"शब्द राहू द्या. मी सांगतोय ना. पळा."

"थांबायला आपणच सांगितलंत, सर."

मग त्यानं कालचा शब्द सांगितला. परवाचा. तोंडाला येईल तो. शेवटी मराठीतच विनवायला लागला... तिकडे कुणाला कळणार?

पलीकडे कुणीतरी खोकलं. मग आणखी कुणी...

"आम्ही जागेवर आहोत, सर."

मग... काही नाही.

थोड्या वेळानं तनिषाचा आवाज आला, अगदी बारीक. "कबीर... तू कोणाशी बोलतोय?"

सार्जंटबाई परतली तेव्हा तो घामानं निथळत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. वेड्यात काढलं नाही. एवढंच विचारलं, "तू त्यांना थांबायला सांगितलंस?"

त्यानं मान डोलावली.

"युद्धात टाकी पेटली, त्या रात्री टेलिफोनवर बसलेल्या मुलानंही त्यांना तेच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि डिझेल ओतायला गेली.

उजाडल्यावर तिघं चौथ्या खड्ड्यापाशी गेले. तंबूपासून शंभर पावलांवर, झाडीत, काँक्रीटचा उघडा खड्डा. दव गोठून सगळं पांढरंफटक झालेलं. तळाशी मात्र बुटांचे बारा ठसे. काळे, कोरडे. सहा माणसं ओळीनं उभी असावीत तसे, आणि सगळ्यांचे चवडे तंबूकडे.

वर यायच्या पायऱ्यांवरचं दव कुणी मोडलेलं नव्हतं.