गमछ्याला मारलेली गाठ

मोनू, तो मोबाइल आधी पालथा ठेव. लाइट यायला अजून वेळ आहे आणि ही गोष्ट उजेडात सांगायची नाही. गुंजन, तू भिंतीला टेकून बस, म्हणजे पाठीमागं काही उरत नाही. भुताखेतांवर तुमच्या या बाबारावकाकांचा, म्हणजे माझा, काडीचा विश्वास नाही बरं. पण केवलरामवर आहे. आपल्या कामगार वसाहतीतला, कॅम्प-१ मधला केवलराम, कारखान्यात इलेक्ट्रिकलला होता. तीस वर्षं त्याची हजेरी मी लिहिली. ओव्हरटाइमचा एक तास ज्यानं कधी वाढवून सांगितला नाही, तो हे काय वाढवून सांगणार?

त्याच्या खात्यात एक नियम होता. मशीनवर काम असलं की स्विच बंद करायचा आणि त्यावर आपल्या नावाचा लाल टॅग लावायचा. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, तोही काम संपल्यावर. साहेबानंसुद्धा हात लावायचा नाही. केवलराम हे घरी मोठ्या तोऱ्यात सांगायचा, आणि त्याची बायको सिंधुताई गालातल्या गालात हसायची. कारण हा बाबा महाविसरभोळा. गूळ आणायला पाठवावा तर हात हलवत परत. शेवटी तिनं त्याच्या गमछ्याच्या टोकाला गाठ मारायला सुरुवात केली.

"हा माहा टॅग," ती म्हणायची. "काम झाल्याबिगर सुटनार नाई. अन् सोडीन तं मीच सोडीन."

गुळापासून पोरीच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळा संसार त्या गाठीवर चालला. एक काम तेवढं राहिलं. शेजारची चंपा एकदा रतनपूरला जाऊन आली होती. आपण राहतो त्या छत्तीसगडची जुनी राजधानी, जिकडे पाहावं तिकडे तलाव, मोडका किल्ला, आणि आपल्या नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजीराजे तिथंच राहून राज्य करायचे, असं सगळं तिनं वर्णन केलं. सिंधुताईच्या ते मनात बसलं. आपल्याकडच्या राजाचं घर एवढ्या जवळ, आणि आपण पाहिलं नाही! केवलराम म्हणायचा, पुढच्या रविवारी. कधी नाईट शिफ्ट, कधी पाहुणे. असे बावीस वर्षांचे रविवार गेले.

रिटायर झाल्यावर एका डिसेंबरात तिनं रतनपूरसाठी गाठ मारली. दोन फेरे, घट्ट. "आता तं बहाना नाई नं?" आठवड्यात छाती भरली, दवाखान्यात नेलं, आणि ती परत आली नाही.

गाठ राहिली. सुनेनं, निशानं, गमछा धुवायला घेतला आणि गाठीला हात लावला, तर जन्मात कुणावर आवाज न चढवलेला केवलराम तिच्यावर ओरडला. मग ओसरीत बसून पोरासारखा रडला.

अजून एक सांगायचं राहिलं. केवलरामची चाल फार झपाट्याची. सिंधुताई डावा पाय किंचित ओढत चालायची, म्हणून नेहमी दहा पावलं मागं. "आवो, जरा हळू चाला नं." हे वाक्य अख्ख्या कॅम्पनं ऐकलेलं. यानं मात्र कधी वळून पाहिलं नाही.

तर गेल्या वर्षीचा डिसेंबर, तारीख सोळा. दुसऱ्या दिवशी तिचं वर्षश्राद्ध. निशाला म्हणाला, "एक काम आहे, रातच्याले येतो." इथल्या पॉवर हाऊस रेल्वे स्टेशनवरून बिलासपूरची गाडी पकडली. गाडी लेट झाली. पुढं बस. रतनपूरला उतरला तेव्हा चार वाजून गेले होते. भैय्याजी नावाचे एक रिटायर मास्तर तिथं पायी फिरवून सगळं दाखवतात, एका वेळी एकाच घरची माणसं घेतात. त्यांच्याशी फोनवर बोलणं झालेलं.

"अकेले?" भैय्याजींनी विचारलं. "फोन पर तो दो बोले थे."

"दो ही हैं," केवलराम म्हणाला. "वो पीछे आ रही है."

चाळीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. भैय्याजींनी मागं पाहिलं. रस्ता रिकामा. मग त्यांनी या म्हाताऱ्याच्या मुठीतली ती मळकी गाठ पाहिली आणि ते चालू लागले. प्रत्येक ठिकाणी ते दोघांना सांगावं तसं सांगत गेले. भला माणूस.

महामायेचं देऊळ झालं, तलाव झाले, किल्ल्याचा दरवाजा झाला. राहिली रामटेकरी, बिंबाजींनी बांधलेलं टेकडीवरचं राममंदिर. पायथ्याशी पोचेपर्यंत अंधार पडला.

"कल सुबह दिखा दूँगा," भैय्याजी म्हणाले. "मेरे घुटने अँधेरे में नहीं चढ़ते."

"कल उसका साल पूरा होगा. जिंदगीभर मैं कल ही बोला, मास्टरजी."

भैय्याजींनी आपली टॉर्च दिली आणि ते पायथ्याशीच बसले. केवलराम एकटा चढू लागला.

वीसेक पायऱ्या झाल्या असतील. मागं आवाज आला.

चप्पल. एक पाऊल साधं... एक ओढलेलं.

तो थांबला. आवाज थांबला.

तो चढला. आवाज चढला.

दहा पायऱ्या मागं. तेवढंच अंतर.

टॉर्च मागं फिरवायची त्याची हिंमत झाली नाही. भीती भुताची नव्हती, बाळांनो. मागं कुणी नसलं तर... ही भीती होती. त्यानं पावलं हळू केली. आणखी हळू. अख्ख्या जन्मात इतका हळू तो कधी चालला नव्हता.

वर कुणी नव्हतं. थंडी. खाली गावाचे दिवे, मधूनमधून तलावांचे काळे तुकडे.

"पाह्य, सिंधू," तो अंधाराकडे बघत म्हणाला. "तो तिकडं किल्ला. ते सारे तलाव. अन् हे मंदिर आपल्या राजानं बांधलं."

बराच वेळ बोलत राहिला. मास्तरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मग विचारलं, "कसं आहे?"

...

त्यानं कान दिला.

"रागावली का?"

...

मग चप्पल वाजली. अगदी शेजारून. पुढं गेली. उतरू लागली.

पहिल्यांदाच ती पुढं होती.

तो तिच्या मागं धावला. एकेक पायरी चाचपत. "सिंधू... जरा हळू चाल नं."

आवाज थांबला नाही.

खाली, आणखी खाली... आणि मग नाहीच.

पायथ्याशी भैय्याजी होते तसे बसलेले. "कोई उतरा?" केवलरामनं विचारलं.

"नहीं तो."

रात्री दीड वाजता तो घरी पोचला. खोलीत ट्यूबलाइट लावली, गळ्यातला गमछा काढून खुंटीला अडकवायला गेला आणि हात थांबला. गाठ सुटली होती. वर्षभर आवळून बसलेलं ते टोक मोकळं लोंबत होतं, चुण्या तशाच. तो खाली बसला. रडता रडता त्याला हसू आलं, इतकं हलकं वाटलं. काम झालं होतं. जिनं लावला, तिनंच टॅग काढला.

डोळे पुसायला त्यानं गमछ्याचं दुसरं टोक उचललं.

त्या टोकाला गाठ होती. नवी. दोन फेरे, घट्ट.

मला हे त्यानं परवा त्याच्या घरी सांगितलं. तिच्या फोटोपुढं गूळ होता, सुईदोरा होता, कुंकवाची डबी, तुळशीचं रोप, पोरीच्या लहानपणीचा फ्रॉकसुद्धा. आता कोणतं काम राहिलं ते त्याला कळेना, म्हणून रोज आठवून आठवून एक वस्तू आणतो, फोटोपुढं ठेवतो आणि सकाळी गाठ सुटली का बघतो.

"सारी जिंदगी ते सांगत राहिली, मी आयकलं नाई," तो म्हणाला. "आता आयकाले बसलो, बाबाराव, तं ते बोलत नाई."

मी सहज गाठीकडं हात नेला. त्यानं गमछा झटक्यानं मागं ओढला.

निघालो तेव्हा तोही पिशवी घेऊन बाजाराकडं चालला होता. मी कोपऱ्यावर उभा राहून पाहत होतो. दर दहा पावलांवर थांबायचा, मागं वळून बघायचा, थोडा वेळ वाट पाहायचा आणि मग पुढं जायचा. खांद्यावर गमछा होता. एक टोक मोकळं, दुसऱ्याला गाठ.