पावाच्या पेटीमागची जागा

मी थापा मारते हे आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण माझ्या थापेत नेहमी एखादं डुक्कर तरी असतं, नाहीतर पाद्री तरी. या गोष्टीत पाद्री नाही. डुकरं आहेत, पण ती बिचारी बाजूलाच आहेत.

म्हणजे ही खरी आहे. पटलं तर घ्या.

गेल्या वर्षीचा मार्च. रविवार. आणि रात्र नाही हं... भर दुपार. जागा म्हणजे आमच्या डे मूरेनचा सरळ रस्ता, कालव्याकडे जाणारा. समुद्राच्या पाण्यापेक्षाही खाली असलेली ही जमीन. टेकडी नाही, आडोसा नाही. वारा समुद्रावरून निघतो तो थेट तुमच्या तोंडावर येऊन आदळतो.

मार्निक्स माझ्या बहिणीचा मुलगा. जत्रेच्या शर्यतीत सायकल पळवायचा. फार मोठा शर्यतवाला नव्हता, पण वाऱ्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचं कारण होतं त्याची बायको.

रोझीन पाव पोचवायची. मोपेडवर, मागे ही एवढी मोठी लाकडी पेटी बांधून. रविवारी पेटी रिकामी असायची. मग ती पुढे मोपेडवर आणि हा तिच्या मागे सायकलवर, पेटीला अगदी वीतभर अंतर ठेवून. पेटीमागे वारा लागत नाही. तिथे बसायला मिळालं की माणूस उडतो.

पण त्याचा एक नियम आहे. मागच्यानं रस्ता बघायचा नाही. मान खाली, नजर पुढच्या चाकावर. रस्ता पुढचा बघतो. मागच्याला बोलायला एकच शब्द. दम संपला की म्हणायचं, "दमानं."

आणि रोझीनची एक खोड होती. वेग वाढवायच्या आधी ती हात मागे घेऊन पेटीवर बोटांनी वाजवायची.

टक-टक.

डिसेंबरात ती गेली. फुप्फुसात पाणी झालं होतं. लीने, त्यांची मुलगी, तेव्हा पहिलीत होती.

मार्निक्स रडला नाही. चिडला नाही. ताटात वाढलं की खायचा, नाही वाढलं तर तसाच बसायचा. लीनेनं काही विचारलं तर मान हलवायचा. पोर हळूहळू विचारायचीच बंद झाली. मला त्याच्यापेक्षा तिची काळजी वाटायची. आई मातीत, आणि बाप खुर्चीत असून नसल्यासारखा.

मोपेड त्यानं ओडीलला देऊन टाकली होती. ओडील म्हणजे डुकरंवाला. तेवढा एकच माणूस मार्निक्सशी नेहमीसारखा बोलायचा.

त्या रविवारी ओडील मार्निक्सला माझ्या दारातच भेटला.

"काय रे, सायकल भिंतीला लावून कोळ्यांना भाड्यानं दिलीस काय?"

मार्निक्स बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

"ईस्टरच्या शर्यतीत नाव घातलंय मी तुझं. शेवटचा आलास तरी चालेल. कुणीतरी शेवटचं यायलाच पाहिजे, दरवर्षी मीच का?"

"वारा आहे," मार्निक्स म्हणाला.

"आपल्याकडे कधी नसतो? तुझा आजोबा मेला तेव्हाही होता."

मी म्हटलं, "जा रे बाबा. लीने माझ्याकडे राहील. पोरीला दाखव तरी की बापाला पाय आहेत."

तो गेला. जावंसं वाटलं म्हणून नाही. सायकल हातात दिली म्हणून.

समोरून वारा. असा की माणूस उतारावर असल्यासारखा झुकून चालवतो, तरी सायकल हलत नाही. कडेची पॉप्लरची झाडं वाकलेली. नांगरलेल्या शेतातली माती डोळ्यांत जायची. मार्निक्स चालवत होता. पाय दुखत होते, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे.

कालव्याचा सरळ रस्ता सुरू झाला...

आणि वारा थांबला.

त्याला वाटलं, पडला असेल वारा. त्यानं बाजूला बघितलं.

नाल्यातलं बोरूचं गवत जमिनीला टेकलं होतं. पॉप्लर तसेच वाकलेले. बगळे आडवे उडत होते.

फक्त त्याच्या अंगावरचा वारा गेला होता. त्याच्या जर्सीची बाहीसुद्धा हलत नव्हती.

त्यानं हळूच सायकल हातभर डावीकडे घेतली. वाऱ्यानं कानफटात मारली.

परत मध्ये आला...

शांत.

मोपेडचा आवाज नाही. धूर नाही. समोर रिकामा रस्ता. पण एवढी मोकळी जागा कशाच्या मागे असते, हे त्याच्या अंगाला पाठ होतं.

तो घाबरला का? मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, "नाही मावशी. काहीच वाटलं नाही. नेहमीसारखी मान खाली घातली."

तीच चूक. मान खाली घातली. दुसरा कुणी असता तर थांबला असता, पळाला असता. पण लहानपणापासून दुसऱ्याच्या चाकामागे वाढलेला माणूस. पुढे कुणीतरी आहे म्हटल्यावर रस्ता बघायचा नाही, एवढंच त्याला शिकवलेलं.

सायकल पळायला लागली. साखळी गुणगुणायला लागली. ताज्या पावाचा वास आला. रविवारी, रिकाम्या शेतात.

आणि मग पुढून...

टक-टक.

त्यानं गिअर बदलला. वेग वाढवला. रस्ता खालून पट्ट्यासारखा सरकत होता.

आता मी तुम्हाला सांगते, ते त्याला त्या वेळी आठवलं नव्हतं. तो रस्ता कालव्यावरच्या लाकडी पुलावरून पलीकडे जायचा. रोझीनचा रोजचा पावाचा रस्ता. पण तो पूल फेब्रुवारीत काढला होता. कुजला होता म्हणून. रस्ता बंद म्हणून आडवी लावलेली फळी त्या दिवशी वाऱ्यानं उडून नाल्यात पडली होती.

पूल काढला तेव्हा रोझीनला जाऊन दोन महिने झाले होते.

तिला कोण सांगणार?

टक-टक.

त्यानं अजून जोर लावला. आता छाती फुटायला आली. पण थांबावं असं वाटत नव्हतं. कशाला थांबायचं? इथे वारा नव्हता. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुठूनच काही लागत नव्हतं.

टक-टक.

त्याचा दम संपला. मनानं नाही, फुप्फुसानंच शब्द काढला. जुन्या सवयीनं.

"दमानं."

वारा दार आपटावं तसा अंगावर आला. सायकल जागच्या जागी अडली. त्यानं ब्रेक दाबले, मान वर केली.

पुढचं चाक रस्त्याच्या तुटक्या काठावर होतं. खाली काळं पाणी.

त्यानं एक पाय जमिनीवर टेकवला. मग समोर बघून म्हणाला, "पूल काढलाय, रोझीन."



पलीकडच्या काठावर उंच गवत होतं. वाऱ्यात वेड्यासारखं झोडपलं जात होतं. आणि त्याच्या मध्ये, रस्त्याच्या कडेनं...

एक पट्टा स्तब्ध उभा होता.

पेटीएवढा रुंद. तो पट्टा पुढे सरकत गेला. सावकाश. पलीकडच्या गावाकडे. लीनेच्या शाळेच्या बाजूला.

मार्निक्स माझ्याकडे आला तेव्हा ओठ निळे पडले होते.

"मावशी, कॉफी आहे?"

"तोंड आहे म्हणायचं तुला. बस."

मनुकांचा पाव कापून दिला. खाता खाता सगळं सांगितलं. हवामान सांगावं तसं, एका सुरात. ओडीलही तिथेच होता. एरवी चेष्टा करणारा माणूस, पण एवढंच म्हणाला, "मोपेड दिवसभर माझ्याकडे आहे. डुकरांनी सीट खाल्लीय तिची."

कुणी हसलं नाही.

मार्निक्सनं ईस्टरची शर्यत केली नाही. दुसऱ्याच दिवशी तुटक्या काठावर त्यानं लोखंडी खांब पुरले, कुणाला न विचारता. लीनेशी आता बोलतो. थोडं. पण त्या रस्त्यावर सायकल नेत नाही.

मी विचारलं, "का रे?"

म्हणाला, "मी दमानं म्हटलं. ती गेली."

हे सांगत होता तेव्हा लीने दाराआड होती. मला नंतर कळलं.

आमच्या गावची पोरं आता लांबच्या पुलावरून शाळेत जातात, सायकलींची रांग करून. दुपारी परत येतात तेव्हा कान लाल, नाकं वाहतायत, केसांच्या झिंज्या झालेल्या. लीने सगळ्यांच्या शेवटी असते. रांगेपासून बरीच मागे, एकटी.

मान खाली.

केस विंचरलेले. रिबिनीची गाठ सकाळी मी बांधलेली, जशीच्या तशी.

मी तिला जवळ घेऊन शिकवलं, "अचानक वारा लागेनासा झाला ना, की मोठ्यानं म्हणायचं, दमानं."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"नाही म्हणणार, आजी."

तेव्हापासून मी रोज दुपारी दारात उभी राहते. पॉप्लर वाकलेले दिसले की दार सोडून रस्त्यापर्यंत जाते. देवाजवळ एवढंच मागते, पोरीचे केस एकदा तरी विस्कटून येऊ देत.

अजून आलेले नाहीत.