बारा सेकंदांत मावेल तेवढंच

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या आतेबहिणीच्या बाबतीत घडलेली. ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी ठेवू नये. मलाही ठेवायचा नव्हता.

भुतं रात्री येतात हे मला माहीत आहे. हे दुपारी आलं. त्याला इलाज नाही, त्या माणसाची ड्युटीच दोन ते पाच होती.

वार मंगळवार. दुपारचे दोन वाजून चार मिनिटं. एका ऑफिसांच्या इमारतीतला चौथा मजला. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना, वर रेडिओ स्टेशन.

पण आधी थोडं मागचं.

ताई आणि भाऊजी दोघंही त्याच स्टेशनवर कामाला. भाऊजी माइकसमोर, ताई कॉम्प्युटरसमोर. हेड ऑफिसातून रोज सकाळी गाण्यांची यादी यायची, ती ताईने मशीनमध्ये चढवायची. यादीत एकशे ऐंशी गाणी. वर्षभर तीच. हेड ऑफिसवाले लोकांना फोन लावून एकेका गाण्याचे सात सेकंद ऐकवायचे. ज्या गाण्याला कुणी फोन आपटला नाही ते यादीत. जे कुणाला फारच आवडलं ते बाद, कारण मग ते दुसऱ्या कुणाच्या तरी नक्की डोक्यात जाणार.

दोन गाण्यांच्या मध्ये भाऊजींनी बोलायचं. बारा सेकंद. तेराव्या सेकंदाला गाणं आपोआप सुरू. वाक्य संपलं असो वा नसो.

"मी बोलत नाही रे," भाऊजी म्हणायचे, "मी गाण्यांच्या मधल्या भेगा लिंपतो."

त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. सोमवार ते पुढचा सोमवार, आठ दिवसांची रजा. रजेचा तिथला नियम असा, की जाण्याआधी तेवढ्या दिवसांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं. दिवसाला अठरा तुकडे. भाऊजींनी एका दुपारी बसून आठ दिवसांचा आनंद भरून ठेवला. बुधवारचा वेगळा, रविवारचा वेगळा.

त्यात एकच गोष्ट बोलायची नसते.

वेळ.

किती वाजले हे रेकॉर्डिंगमध्ये कधीच सांगत नाहीत. तुकडा मागेपुढे लागला तर सगळी पंचाईत.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या.

बुधवारी पहाटे भाऊजी झोपेतच गेले.

सगळं आटोपून परत येताना टॅक्सीवाल्याने रेडिओ लावला.

"काय मंडळी, कसे आहात? मी तर एकदम झकास!"

मी बंद करा म्हणणार होतो.

ताईने पुढे वाकून आवाज वाढवला.

स्टेशनचे साहेब तसे भले माणूस. त्यांनी ते तुकडे काढून टाकायला हेड ऑफिसचा फॉर्म उघडला. त्यात कारणं तीनच होती. राजीनामा, बदली, शिस्तभंग. स्टेशनवर एक टेक्निशियन आहे, त्याला सगळे फ्यूज म्हणतात. तो म्हणाला, "शिस्तभंग टाका साहेब. न सांगता गेलेत."

कुणी हसलं नाही. फॉर्मही भरला नाही. ताईनेच सांगितलं, राहू दे.

सोमवारपर्यंत ती घरी बसून ऐकत राहिली. भाऊजी घरी फार बोलायचे नाहीत. घरातल्या सगळ्या व्हिडिओंमध्ये ते कॅमेऱ्याच्या मागे. त्यांचा आवाज असा तिच्याकडे एवढाच. दिवसाचे अठरा तुकडे, बारा-बारा सेकंदांचे, आणि त्यात समस्त श्रोत्यांवर प्रेम.

सोमवारी शेवटचा तुकडा वाजला. "भेटू उद्या!"

मंगळवारी दोन वाजता घरात शांतता असणार होती. ती सहन होईना म्हणून ताई ऑफिसला गेली. काम काढलं. पहिलं गाणं सुरू झालं. त्यानंतर हेड ऑफिसची ठरलेली धून वाजायची होती.

गाणं संपलं...

"दुपारचे दोन वाजून चार मिनिटं झाली आहेत."

ताईने घड्याळाकडे पाहिलं.

दोन वाजून चार मिनिटं.

"आणि तुम्ही ऐकताय... ऐकताय ना?"

मग गाणं. तेराव्या सेकंदाला. ठरल्याप्रमाणे.

ताई फ्यूजकडे धावली. फ्यूजने मशीन पाहिलं, वायरी पाहिल्या, ताईकडे पाहिलं. "जुना तुकडा परत लागला असेल मॅडम. योगायोग."

दोन बावीसला आवाज म्हणाला, "दोन वाजून बावीस मिनिटं."

फ्यूज खुर्चीवर बसला. "योगायोग जरा जास्तच होतायत," म्हणाला.

बुधवारी आवाजातला झकासपणा गेला.

"हेच गाणं कालपासून तिसऱ्यांदा लागलंय. इथे दुसरं काहीच नाही."

एक गाणं. दुसरं गाणं.

"मी मोजतोय. एकशे ऐंशी झाली की पुन्हा एक."

ताई भाऊजींच्या रिकाम्या स्टुडिओत जाऊन स्पीकरसमोर बसली. काचेचं दार लावून घेतलं.

"अगं... ऐकतेस ना?"

"हो!" ताई ओरडली. "हो, ऐकतेय मी! अहो, इथेच आहे!"

गाणं सुरू झालं. त्या गाण्यात एक पोरगी सव्वातीन मिनिटं प्रियकराला फोन उचल म्हणत असते. ताई पूर्ण ऐकत बसली. करणार काय?

"मग हो तरी म्हण ना. तुझा आवाज येत नाही. इथे फक्त जे वाजतं तेच ऐकू येतं."

हे सगळं गावाला ऐकू जात होतं बरं का. पण आरजे काय बोलतो हे कोण ऐकतं? स्टेशनच्या नंबरवर दिवसभरात एकच मेसेज आला होता. 'आजचा कार्यक्रम मस्त! माझ्या मेहुण्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या.'

ताईने साहेबांना गाठलं. "साहेब, ते बंद करा. हेड ऑफिसला सांगा. ते त्रासात आहेत."

साहेबांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "हे बघा. दोन ते पाच. चार टक्के श्रोते वाढलेत."

"साहेब, ते गेलेत."

"माहीत आहे हो मला. मी नव्हतो का आलो घरी? पण ते गेले म्हणून आकडे खोटे ठरतात का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आवाजात काय भावना आहे हो. जिवंतपणी नव्हती एवढी."

ताई उठून आली.

जे वाजतं तेच ऐकू येतं. मग आपण वाजायला हवं.

तिने मोबाइलवर स्वतःचे बारा सेकंद रेकॉर्ड केले आणि यादीत टाकले. कॉम्प्युटर म्हणाला, मंजूर नाही. दुसऱ्या नावाने टाकले. मंजूर नाही. एका गाण्याच्या पोटात दडवले. मंजूर नाही. यादीला हात लावायचा अधिकार फक्त हेड ऑफिसला. इथल्या माणसांना एकच गोष्ट घालता यायची.

स्थानिक जाहिरात.

गुरुवारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी सगळ्या गावाने ही जाहिरात ऐकली.

"दात दुखतायत? आजच या, आमच्या दवाखान्यात. अहो, मी आहे इथे. रोज ऐकतेय. काय करू तेवढं सांगा. पार्किंगची सोय आहे."

पार्किंगचं ती सवयीने बोलून गेली. पाच वर्षं तीच लिहायची त्या जाहिराती.

पुढचं गाणं संपलं. बारा सेकंद पूर्ण शांतता...

फक्त श्वास.

त्यानंतरच्या गाण्यानंतर आवाज आला. "ऐकलं."

एवढंच. आणि मग रडणं, तेराव्या सेकंदाला कापलेलं.

शुक्रवारी ताई दोनच्या आधीच स्टुडिओत बसली होती. वही उघडलेली, पेन हातात. फ्यूज दाराशी उभा.

"अगं, एकच कर. मला वाटतं त्याने मी सुटेन. तू माझे ते..."

गाणं.

ताईने काचेवर मूठ मारली. दोन गाणी. चार जाहिराती. गादी, कर्ज, गादी, फरशी. ताई उभीच होती, ओठ चावत.

"...सगळे तुकडे पुसून टाक. एकही ठेवू नकोस. तू ठेवशील, मला माहितीये. एक तरी..."

गाणं.

ताईने फोल्डर उघडलं. भाऊजींनी भरून ठेवलेले आठ दिवसांचे तुकडे, दिवसाला अठरा. एकशे चव्वेचाळीस असायला हवे होते.

दोनशे सोळा होते.

फ्यूजने बोटांवर हिशेब केला. आज बारावा दिवस. बारा अठ्ठे... नाही, बारा अठरे... "मॅडम," तो म्हणाला, "आजचेही अठरा आहेत. साडेचारचा तुकडा आत्ताच आहे इथे."

"लाव."

"नको मॅडम."

"एक तरी कॉपी करून ठेवते रे. फक्त एक. हसतात तो. कुणाला कळणार आहे?"

उत्तर स्पीकरमधून आलं.

"नको ना गं."

ताई खाली बसली. जमिनीवर. मग उठून माऊस हातात घेतला.

एकदम सगळं पुसायची सोय त्या कॉम्प्युटरमध्ये नाही. हेड ऑफिसचा विश्वास नाही माणसांवर. एकेक तुकडा निवडायचा. मग तो विचारतो, नक्की?

हो.

नक्की?

हो.

पहिल्या सोमवारचा उत्साह गेला. बुधवारचा गेला, टॅक्सीतला झकास गेला. रविवारचा आळसावलेला, "चहा झाला का?" वाला गेला. प्रत्येक वेळी चौकट यायची. नक्की? तिचं बोट चौकटीवर अडलं तेव्हा फ्यूज म्हणाला, "मी करू?" ती म्हणाली, "माझा नवरा आहे."

मधल्या भेगांमधून आवाज यायचा. आधी बारा सेकंद. मग सात. मग तीन. शब्द नव्हते, नुसती माणूस उठून बसताना होते तशी खुडबूड.

दोनशे सोळावा. नक्की?

चार वाजून एकावन्न मिनिटं. गाणं संपलं...

काही नाही.

दहा सेकंद काहीच नाही. मग हेड ऑफिसच्या धुनेतली बाई ताजीतवानी होऊन म्हणाली, तुमचं लाडकं स्टेशन!

ताई हसली. रडता रडता हसली, आणि फ्यूजच्या हाताला घट्ट धरून म्हणाली, "सुटले रे. सुटले."

फ्यूज अजून स्क्रीनकडेच बघत होता.

"काय झालं?"

"मॅडम... आपण पुसलं ते इथलं. यादी जिथून येते तो कॉम्प्युटर हेड ऑफिसात आहे. तोच सगळ्या स्टेशनांना वाटतो. तिथे जर..."

"किती स्टेशनं?"

"आपलं धरून एकतीस."

याला दीड वर्ष झालं. त्यानंतर ताईच्या स्टेशनवर तो आवाज कधी आला नाही.

ताईने साप्ताहिक सुट्टी गुरुवारची मागून घेतली. दर महिन्याला एकदा तरी ती बसने एका गावाला जाते, जिथे यांच्या कंपनीचं स्टेशन लागतं. स्टँडवरच्या बाकावर रेडिओ घेऊन दोन ते पाच बसते. तीच एकशे ऐंशी गाणी ऐकते. पाचला उठते आणि परतीची गाडी पकडते. गावात काय बघण्यासारखं आहे हे तिला एकाही गावाचं सांगता येणार नाही.

ते सापडू नयेत म्हणून ती त्यांना शोधते. मी एकदा तिला हे बोलून दाखवलं. म्हणाली, "मग? तू दुसरं काही सुचवतोस का?"

गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर गेलो. तिचं विसावं स्टेशन. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. तीन वाजून गेले. ती थकली होती. म्हणाली, "जरा तोंड धुऊन येते. तू नीट ऐक हं. डुलक्या काढू नकोस."

ती नळाकडे गेली.

गाणं संपलं...

"शहाण्या."

मला शहाण्या म्हणणारा माणूस जगात एकच होता.

"शहाण्या, तिला सांग, मी इथे नाही."

आवाज इतका दमलेला होता की मी नकळत बाकावर सरकून जागा केली.

गाणं सुरू झालं.

ताई पदराने तोंड पुसत आली. बसली. इअरफोन कानात घालता घालता माझ्याकडे पाहिलं.

"काही?"

"जाहिराती," मी म्हटलं. "गाद्यांच्या."

पाच वाजता तिने पिशवीतून वही काढली आणि त्या गावाच्या नावावर रेघ मारली. पेन नीट उमटलं नाही. तिने पुन्हा एकदा, दाबून मारली.

मी काही बोललो नाही. अजून बोललेलो नाही.