तातांगच्या चुलीवर

एकाच कारल्यावर दोन हात पडले, तेही भर बाजारात. कारलं तरी केवढं! अंगठ्याएवढं, गोलमटोल, गर्द हिरवं. उत्तरेकडच्या इलोकोसच्या मातीतलं कारलं असंच असतं. एक हात जोवेलिनचा होता. दुसरा कोणाचा म्हणून तिनं मान वर केली... आणि फसली बिचारी.

"सोडा ते," ती म्हणाली.

"तुम्ही सोडा. आधी मी धरलंय."

"बोलण्यावरून दक्षिणेकडचे दिसता. तुम्हाला काय कळतंय कारल्यातलं? तुम्ही लोक त्याच्या भाजीत भोपळा घालता!"

"घालतो की! म्हणून तर आमचं बोलणं गोड असतं," तो हसून म्हणाला. "तुम्ही नुसतं कडू खाता... दिसतंच आहे."

कारलं जोवेलिननंच नेलं, पण जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. तो बातांगासचा रोडेल, विजेच्या खांबांवर चढणारा तारवाला, कामापुरता इकडे आलेला. पुढच्या बाजाराला तो तिथेच उभा होता, त्याच्या पुढच्यालाही. आणि एक दिवस सरळ तिच्या दारात.

मुलगी हवी तर तिच्या घरी राबायचं, ही तिकडची जुनी रीत. रोडेल राबला. लाकडं फोडली, पाणी भरलं, गळकं छप्पर शाकारलं. जोवेलिनचे वडील, तातांग, ओट्यावर बसून बघत राहिले, हो नाही की नाही नाही. आणि जोवेलिन? तीही तसलीच. रोडेलनं विचारलं की म्हणायची, "बघू." मनात होकार कधीचा देऊन झाला होता! पण आई गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. तातांगच्या मनाविरुद्ध एक शब्द काढायला ती धजायची नाही.

अशात रोडेलची बदली झाली. सोमवारी निघायचं होतं. तो हात जोडून तातांगसमोर उभा राहिला.

"तातांग, मला उत्तर द्या."

"अजून तुझा तातांग झालो नाही मी," म्हातारा गुरगुरला. "लाकडं काय, गाढवसुद्धा वाहतं. उद्या माझ्या चुलीवर पिनाकबेट कर, आमची कारल्या-वांग्याची भाजी. खाऊन सांगतो. आणि जोवेलिन, तू माझ्या शेजारी बसायचंस. तोंडातून चकार शब्द निघाला तर मी उठलो म्हणून समज."

झालं! दुसऱ्या दिवशी दुपारी रोडेल चुलीपाशी आणि जोवेलिन बाकावर, ओठ मिटून.

सुरुवात बरी झाली. वांगी, भेंडी, चवळीच्या शेंगा त्यानं नीट चिरल्या. भोपळ्याला शिवला नाही, तिनं मनातल्या मनात शाबासकी दिली. मडक्यात टोमॅटो, आलं, कांदा, मग मुरलेल्या माशांचं खारं पाणी. वास सुटला. सगळ्यात वर कारली... आणि त्यानं डाव उचलला.

जोवेलिनचा जीव वरखाली झाला. अरे देवा, ढवळतोय की काय हा! कारलं घातल्यावर डाव लावायचा नसतो. मडकं दोन्ही हातांनी उचलून नुसतं हिसडायचं, म्हणजे कडूपणा कारल्यातच राहतो. इथलं शेंबडं पोरही जाणतं हे. पण बातांगासच्या पोराला कोण सांगणार?

तिनं समोरचा पेला दोन्ही हातांत धरला आणि जोरजोरात हलवला. रोडेलनं पाहिलं. डोळे मोठे केले... आणि धावत जाऊन तांब्या आणला.

"तहान लागली होय? मग खुणा कशाला, बोलायचं की!" म्हणत त्यानं तिचा पेला काठोकाठ भरला.

तातांग मिशीत हसले. जोवेलिनला वाटलं, हा पेला या शहाण्याच्या डोक्यावर ओतावा. तोवर तो चुलीपाशी परतलाही होता, आणि ढवळत होता. मन लावून, तळापासून, खीर ढवळावी तसा.

ताटं मांडली. भाताशेजारी हिरवट काळा गोळा पडला. तातांगनी एक घास घेतला. चावला. जबडा हलायचा थांबला. बाहेर कोंबडी फडफडली तरी रोडेल दचकला. त्यानं स्वतः घास घेतला आणि त्याचा चेहरा पडला.

"कडू झालंय," तो हळूच म्हणाला. "चूक माझीच. दुसऱ्या कोणाला बोलू नका..."

तातांगनी ताट बाजूला सारलं. बाकावरून उठायला हात टेकला.

आणि जोवेलिननं भात कालवला. घास घेतला, मोठा. दुसरा घेतला. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, पण ती थांबली नाही. बोटांनी ताट निपटून काढलं आणि पुढे केलं.

"रोडेल, आणखी वाढ."

तातांग अर्धे उठलेले तसेच राहिले. "तुला मी बोलू नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत."

"कडू नाही लागलं?"

"लागलं ना! जहर आहे नुसतं." तिचा आवाज कापत होता, पण नजर खाली गेली नाही. "तरी मला हाच हवाय, तातांग. तुम्ही नाही म्हणालात तरी... मला हाच हवाय."

रोडेलच्या हातातला डाव तसाच राहिला. इतके महिने "बघू" ऐकलेला माणूस तो! कान तापले त्याचे.

तातांगनी लेकीच्या निपटलेल्या ताटाकडे पाहिलं. ती लहानपणी औषधाचा एक चमचा घ्यायला घरभर पळायची, आणि आज हे ताट... त्यांनी घसा खाकरला, खाली बसले.

"तुझे आईवडील बोलणी करायला कधी येतायत?" त्यांनी रोडेलला दरडावून विचारलं.

"मी... म्हणजे... तुम्ही म्हणाल तेव्हा!"

"लवकर आण. आणि त्यांना म्हणावं, येताना उपाशी या. स्वयंपाक मी करणार आहे."

रोडेलनं तिच्या ताटात आणखी वाढलं. जोवेलिननं मान खाली घातली आणि ते जहर पुन्हा खायला लागली. हसू मात्र तिला काही केल्या आवरेना.