वसंतभाऊंची लाइन

"भूत असतं की नसतं, ते मला विचारू नका," सदाशिवकाका म्हणाले. आमलीत लाइट गेली होती आणि बिल्डिंगमधली पोरं गच्चीवर त्यांच्याभोवती दाटीनं बसली होती. "रूपाली आमच्या खालच्याच मजल्यावर राहायची. तिनं सांगितलं तसं सांगतो. दोन हजार चोवीस, तीस डिसेंबर, सोमवार. अमावस्या."

रूपाली नरोलीतल्या एका डाइंग कारखान्यात, म्हणजे कापड रंगवायच्या, कंत्राटावर होती. काम साधंच होतं. मागच्या शेडमधल्या जुनाट कॉम्प्युटरवरचे रंगांचे फॉर्म्युले ऑफिसातल्या तितक्याच जुनाट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. सकाळी शेड पाडणार होते. "फॉर्म्युले गेले तर तूही गेलीस," शेठनं सांगून टाकलं होतं.

दोन्ही डबड्यांवर विंडोज नव्हतं. कारखान्याचे जुने रंगारी वसंतभाऊ, त्यांनी बसवलेली वेगळीच सिस्टीम, काळा पडदा, पांढरी अक्षरं. वसंतभाऊ दिवाळीत वारले. आता ती सिस्टीम येणारी एकटी रूपाली. येणारी म्हणजे, वसंतभाऊ शेजारी उभे असले तर.

आठ वाजता तिनं वॉचमन झिपरूला शेड उघडून तिथला कॉम्प्युटर चालू करायला पाठवलं, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून शेडला हाक दिली, म्हणजे जोडणी लागते का ते बघितलं. उत्तर नाही. तिनं कॉम्प्युटरमधलं नेटवर्कचं कार्ड काढून पुसून बसवलं. उत्तर नाही. दोन्ही कॉम्प्युटर जोडणाऱ्या जाड केबलच्या टोकाला टोपी लागते, नाहीतर सगळी लाइन मरते. टोपी सैल होती, ती घट्ट केली. पुन्हा हाक... नाही.

तेवढ्यात शेजारच्या बायडाबाईंचा फोन. रूपालीची अकरा महिन्यांची रोशनी त्यांच्याकडे होती.

"पोरगी तापानं फणफणलीय गं. डोळे उघडत नाही. कधी येतेस?"

"आलेच हो. पट्टी ठेवा कपाळावर. आलेच..."

नवरा रात्रपाळीला. नोकरी गेली तर खोली सोडायची, आणि इथे बसावं तर पोर तिकडे. कसली आई मी, तिच्या मनात आलं. इंजिनिअर तर नाहीच. तिला रडूच फुटलं. रडता रडता तिनं परत हाक दिली.

उत्तर आलं.

झिपरूनं केलं बाई चालू! तिनं कॉपी लावली. प्रत्येक फाइलला सिस्टीम विचारायची, घेऊ का? होय म्हणायला वाय दाबायचा. फाइली दोनशे दहा. ती वाचेना. वाय. वाय. लक्ष सगळं रोशनीकडे. वाय. वाय.

एकशे नव्वद.

दोनशे.

वाय.

बोट उचललं, तेव्हा तिनं ती ओळ वाचली. इंग्रजी अक्षरांत, मराठी...

"बाळाला बघून येऊ का?"

खाली तिचाच वाय.

पडदा थांबला. एक मिनिट. दोन...

मग उरलेल्या दहा फाइली आपोआप उतरल्या.

दार वाजलं. झिपरू. धापा टाकत.

"ताई, चावीच सापडेना हो. आत्ता सापडली. उघडू का शेड? चालू करू का कॉम्प्युटर?"

ती उठली. पळाली. मिळाली त्या रिक्षात बसली. बायडाबाईंना फोन लावला. नुसती रिंग... नुसती रिंग...

काका थांबले.

"काका, पोरगी?" पोरांमधल्या शीतलनं विचारलं.

"शांत झोपली होती. अंग गार."

"गार म्हणजे?" कुणीतरी पुटपुटलं.

"अरे, ताप उतरला होता. बायडाबाई पण तिथेच डोळा लागून पडलेल्या. म्हणे, एकदम फार थंड वाटलं, आणि मग काही कळलंच नाही."

"मग बरंच झालं की..."

"हो. बरंच झालं." काकांनी मांडीवरची शाल वर ओढली. "रूपालीनं कपाळावरची पट्टी उचलली. खाली चार बोटं उमटलेली. निळी. मोठ्या माणसाची. डाइंगवाल्यांच्या हाताला असतो तसला पक्का रंग."

पोरं एकमेकांना आणखी चिकटली.

"पोरगी आता चालते, बोलते. रूपालीनं साबण लावला, रॉकेल लावलं, डॉक्टरला दाखवलं..."

"गेली ना बोटं?"

काका अंधारातच उठले. चपला चाचपल्या.

"चार होती," ते म्हणाले. "आता पाच आहेत."