चाळीस आठवडे

सोनोग्राफीचं मशीन दुरुस्त करून मेकॅनिक गेला, की पहिली चाचणी आम्ही स्वतःच्याच पोटावर घेतो. नवशिके पेशंटवर घेतात आणि बोलणी खातात. त्या दुपारीही जेवणाच्या सुट्टीत मी दिवे मालवले, थंडगार जेल लावलं आणि प्रोब टेकवला. माझं पोट चाचणीला सोयीचं. तीन वर्षांपूर्वी गर्भाशय काढलंय. मूलबाळ झालंच नव्हतं. नवरा वर्षभरात दुसरीकडे रमला. तेव्हापासून घरात मी आणि चार भिंती.

पडद्यावर एक ठिपका लुकलुकत होता.

हृदय. सात आठवड्यांचं. असे हजारो ठोके पाहिलेत मी, चूक होणं शक्य नाही. प्रोब उचलला की पडदा काळा, टेकवला की पुन्हा धडधड. बाहेर फरशी पुसणाऱ्या मावशींना हाक मारली.

"मावशी, हे बघा बरं..."

त्यांनी डोळे बारीक केले. "काय बघू? मला तर नुसत्या मुंग्या दिसतायत." मग हळूच म्हणाल्या, "जेवलीस का गं तू?"

पुढे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी कोण? रोज दुपारी दार लावून बघत बसायचे. ते एका दिवसात आठवड्याएवढं वाढायचं. बोटं फुटली. पाठीचा कणा मण्यामण्यांनी उमटला. एकदा अंगठा चोखताना दिसलं आणि मी हसले. त्या बंद खोलीत ते हसू मलाच परकं वाटलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू तुमच्याशी? पण ते नाहीसं होईल ही भीती त्याहून मोठी होती. रविवारीसुद्धा चावी मागून घेऊन यायचे.

छत्तिसावा आठवडा लागला आणि मनात आलं. गर्भाशयच नाही, तर हे बाहेर येणार कुठून?

चाळिसाव्याला प्रोब टेकवला. पोट रिकामं. इंच न् इंच शोधलं. त्या अंधारात मी ढसाढसा रडले. उठले तेव्हा छातीशी कपडा भिजला होता.

दूध.

त्याला आता सात महिने होतील. दूध आटलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हार्मोन्सचा घोळ आहे, गोळ्या घे. गोळ्या आणल्या, घेतल्या नाहीत. रोज पहाटे जाग येते तेव्हा छाती हलकी झालेली असते... आणि अंथरूण कोरडं ठणठणीत.

काल आंघोळीला बसले, तर छातीवर डाव्या बाजूला दोन बारीक ठसे दिसले.

त्याला दात येतायत.