कॅटलन सरदाराचा घोडा

"माझा घोडा चोरीला गेलाय," समोरचा दाढीवाला म्हणाला.

कादंबरी ओगलेने चहाचा कप खाली ठेवला. कोथरूडमध्ये एका शिकवणीच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर तिचं डिटेक्टिव्हचं ऑफिस होतं. तिथे बहुतेक लोक होणाऱ्या जावयाची चौकशी करायला येत. झालेला जावई हरवला म्हणूनही काही जण आले होते. घोडा हा पहिलाच.

"जिवंत?" केयूरने विचारलं. केयूर तिचा मामेभाऊ आणि मदतनीस. म्हणजे तो स्कूटर चालवायचा आणि चुकीचे निष्कर्ष काढायचा.

"बांबू, फोम आणि कापड. खऱ्या घोड्याएवढा, खाली चाकं. मी केदार भागवत, दिग्दर्शक. आज संध्याकाळी एकांकिका स्पर्धेची अंतिम फेरी आहे आणि आमची एकांकिका त्या घोड्यावर उभी आहे."

"विषय?"

"गिलेम द मोंतरॉच. तेराव्या शतकातला कॅटलन सरदार."

"पुण्यात कॅटलन?"

"शिवकाळावर काही केलं की निम्मं प्रेक्षागृह चुका काढतं. म्हटलं, कॅटलन सरदाराला कोण काय बोलणार? तरी पहिल्या फेरीनंतर एक गृहस्थ आत आले आणि तलवार उजव्या बाजूला लटकवल्याबद्दल बोलून गेले."

कादंबरीने नाटकाची गोष्ट विचारली. केदारने ती जाहिरातीसारखी सांगितली. गिलेमचा किल्ला डोंगरात, दोन राज्यांच्या सीमेवर. आधी तो अरागॉनच्या राजाचा माणूस. मग राजाच्या भावाचा, म्हणजे मायोर्काच्या राजाचा. मग फ्रान्सचा. मग पुन्हा अरागॉनचा. दर वेळी अंगावर नवा झगा येतो. घोडा मात्र तोच. शेवटी अरागॉनचा राजा विचारतो, तुझ्यावर विश्वास का ठेवू? गिलेम खोगिरावरून उत्तर देतो आणि पडदा पडतो.

"घोड्याशिवाय नाही का देता येत उत्तर?"

"देता येतं. पण खाली उभं राहून दिलं की तो माफीनामा वाटतो."

"संशय कुणावर?"

"तालिबवर. तालिब शेख, तोच गिलेम करतो. आमच्याकडे यायच्या आधी हडपसरच्या ग्रुपमध्ये होता, त्याआधी आणखी दोन ठिकाणी. हडपसरवालेही आज फायनलला आहेत. काल हॉल बंद करणारा शेवटचा माणूस तोच." केदारने दाढी ओढली. "घोडा मिळाला नाही तर गिलेम मी करणार. आणि तालिबने काय केलं ते सगळ्या ग्रुप्सना सांगणार. पुण्यात परत त्याला कुणी विंगेतसुद्धा उभं करणार नाही."

"पुरावा?"

"त्याचा इतिहास."

"तो गिलेमचा झाला."

"दोघांचा सारखाच आहे."

तालमीचा हॉल कर्वेनगरच्या एका सोसायटीत होता. टोकाला छोटा रंगमंच. भाड्याच्या बदल्यात तो रंगवून द्यायचा असं ठरलं होतं. त्यामुळे काल तालमीनंतर केदारने घोडा मागच्या भिंतीला लावून पुढे सगळीकडे काळा रंग मारला होता. आता त्या काळ्यावर अनवाणी पावलांचा नुसता चिखल झाला होता. सकाळी शोधाशोध करताना सगळा ग्रुप अर्धवट सुकलेल्या रंगावर नाचला होता आणि सगळ्यांचे तळवे काळे होते.

केयूर पायरी चढायला लागला तसा केदारने त्याचा दंड धरला.

"बूट काढा."

"नियम आहे?"

"नियम नाही. पण रंगमंचावर पायात काही घालून कुणी जात नाही. वेशभूषेतली मोजडी सोडली तर."

कादंबरीने कडेला उकिडवं बसून सगळा रंगमंच नजरेखालून घातला. मग मागच्या भिंतीपाशी गेली. तिथे ना फोमचा तुकडा होता, ना बांबूची काडी, ना एखादा नट-बोल्ट.

"अख्खा घोडा त्या दारातून जातो?"

"नाही. मान आणि पाय सोडवावे लागतात. बोल्ट आहेत."

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी अनंत जोगळेकर हॉलमध्ये आले, ताडताड चालत थेट रंगमंचावर चढले आणि मध्यभागी उभे राहिले.

"काका, चपला," केदार पुटपुटला.

"हॉल आमचा, चपला माझ्या. बाई, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. हो, घोडा कचऱ्याच्या गाडीत टाकीन असं मी म्हणालो होतो. फाटकावर पाटी आहे, पाळीव प्राण्यांना मनाई. बांबूचा असला म्हणून काय झालं?"

"टाकलात का?"

"टाकला असता तर पाटीवर तशी ओळ वाढवली असती."

ते आले तसे गेले. काळ्या रंगावर त्यांच्या चपलांची नक्षी लखलखीत उमटली होती. केदारने ती पाहून डोळे मिटले.

फाटकावर साईनाथ हा वॉचमन होता. हॉलची किल्ली त्याच्या खोलीबाहेर खिळ्याला असते, ग्रुपमधलं कुणीही घेतं, कुणीही लावतं, असं त्याने सांगितलं.

"रात्री कोण आलं?"

"मी फोनवर होतो, मॅडम."

"आणि घोडा गेला असता तर?"

"घोडा गेला असता तर फोन ठेवला असता. बाहेर काहीच गेलं नाही. सकाळी यांचा टेम्पो गेला, तोच पहिला."

"टेम्पोचं नाव काढू नका," केदार कमरेला हात लावून म्हणाला. "काळ्या पडद्यांची बोचकी चढवायला आज चौघं लागलो. संध्याकाळी नटांना वाकता येतंय का बघू."

तालिब बाहेर कट्ट्यावर बसला होता. अंगाने सडपातळ, आवाज खाली.

"किल्ली मी खिळ्याला लावली आणि गेलो. पण हे मी आज सगळ्यांना सांगितलंय. तुम्ही कितव्या ते मोजणं सोडलं."

"तीन ग्रुप बदललेस."

"ग्रुप मी नाही बदलले, मॅडम. ग्रुप मोडले. तिन्ही वेळा आम्ही पहिले आलो. पहिले आल्यावर लेखकाला वाटतं लेखनामुळे आलो, दिग्दर्शकाला वाटतं दिग्दर्शनामुळे. मग दोघं वेगळे होतात. हडपसरच्या ग्रुपचं नाव तेवढं उरलंय, माणसं सगळी नवी आहेत. मी दुसऱ्या दिवशी तालमीला गेलो तर हॉलमध्ये योगासनं चालू होती."

"घोड्याचे पाय कसे निघतात माहीत आहे?"

"मला बसता येतं. पाय निघतात हे आज कळलं."

त्याचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि तो उलटा ठेवला. "हडपसरवाले. त्यांच्या एकाला ताप आलाय, उभा राहतोस का विचारतात. केदारदादाने मला चोर ठरवलं तर आजच्यानंतर तेही विचारणार नाहीत."

दुपार कलली तेव्हा सगळे कोथरूडच्या नाट्यगृहात होते. यांच्या आधीची एकांकिका सुरू झाली होती. इंद्रजीत विंगेमागे एका काळ्या बोचक्यावर बसून खिळे निवडत होता. पन्नाशीचा, ग्रुपमधला सर्वांत जुना माणूस. नेपथ्य, दिवे, टेम्पो सगळं तोच बघायचा. घोडाही त्यानेच बांधला होता.

"या ग्रुपशिवाय दुसऱ्या कुणाचा खिळा ठोकला नाही," तो म्हणाला. "पडदे इतकी वर्षं मी एकट्याने उचलले. पोरांना हात लावू दिला नाही."

"लावणार आहात का पडदे आता?"

"कशाला? इथले आहेत की, चांगले आहेत."

"बक्षिसं बरीच मिळाली असतील."

"दुसरं. तिसरं. उत्तेजनार्थ तर पुष्कळ." त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. "उत्तेजनार्थवाला ग्रुप टिकतो, बाई. पुढच्या वर्षी बघू म्हणतो आणि परत एकत्र येतो. केदारसरांना यंदा पहिलं हवंय. मग मालिका."

मेकअपच्या खोलीत केदार आरशासमोर गिलेमचा झगा चढवत होता. तालिब स्वतःच्या शर्टात दाराशी उभा होता. बाहेर टाळ्या वाजल्या. आता पुढचा नंबर यांचा.

"सगळ्यांना विंगेत बोलवा," कादंबरी म्हणाली. "आणि आवाज खाली ठेवा."

"हडपसरवाल्यांनीच नेला ना?" केयूर कुजबुजला.

"त्यांना न्यायची काय गरज? एक लाथ पुरली असती. हा घोडा कुणीतरी बोल्ट काढून, एक नटसुद्धा न सांडता सोडवला. कारण त्या माणसाला घोडा अख्खा हवा होता. फक्त आज नको होता."

"जोगळेकर?" केदारने विचारलं.

"जोगळेकर रंगमंचावर चढले तेव्हा काय झालं? चपलांचे ठसे उठले. त्याआधी त्या रंगावर चपलेचा एकही ठसा नव्हता. चोर ओल्या रंगातून घोड्यापर्यंत गेला आणि परत आला, अनवाणी."

"आवाज होऊ नये म्हणून," केयूर म्हणाला.

"रिकाम्या हॉलमध्ये ऐकायला होतं कोण? वॉचमन? ओल्या रंगात शहाणा माणूस असतील ते बूट घालून जातो. हा चोरी करायला आला आणि पायरीशी चपला काढून वर गेला. रंगमंचावर चपला घालून जायचं त्याच्या पायालाच जमलं नाही. अशी चूक फक्त नाटकवाला करतो. म्हणजे चोर ग्रुपमधला."

"तेच मी सांगतोय," केदार तालिबकडे बघत म्हणाला.

"तुम्ही तुमच्या कमरेचं ऐका. फाटकातून टेम्पोशिवाय काहीच गेलं नाही. म्हणजे घोडा टेम्पोतून गेला. पडद्यांची बोचकी इंद्रजीतभाऊ नेहमी एकटे उचलतात. आज चौघं लागलात. आणि या नाट्यगृहात पडदे आहेत हे त्यांना माहीत आहे. मग न लागणारे पडदे आणले कशाला?"

ध्वनिक्षेपकावरून पुढच्या ग्रुपने तयार राहावं अशी सूचना झाली.

"इंद्रजीतभाऊ, जरा उठता का? सकाळपासून सगळे ज्याला शोधतायत, त्याच्यावर तुम्ही बसला आहात."

इंद्रजीत उठला. केयूरने गाठ सोडली. काळ्या कापडातून घोड्याची मान बाहेर आली, काचेचे डोळे उघडे. दुसऱ्या बोचक्यात धड होतं आणि चार पाय जुन्या चादरीत वेगवेगळे गुंडाळलेले.

"तुम्ही?" केदार म्हणाला. "तुम्ही तर कधी कुठे गेला नाहीत."

"म्हणूनच," कादंबरी म्हणाली. "तालिबचे तीन ग्रुप पहिलं बक्षीस मिळाल्यावर मोडले. हे त्याने तुमच्याइतकंच यांनाही सांगितलं असणार. यांना प्रयोग पाडायचा नव्हता. फक्त दुसरं यायचं होतं."

"तिसरं चाललं असतं," इंद्रजीत हळूच म्हणाला. त्याने तालिबकडे पाहिलं नाही. "तुझं नाव घेतील असं वाटलं नव्हतं. घेतलं तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोललो नाही."

"दिवसभर," तालिब म्हणाला.

"दिवसभर."

पहिली घंटा झाली.

"चालते व्हा इथून," केदार इंद्रजीतला म्हणाला. "पोरांनो, घोडा जोडा."

पोरं चार पायांकडे बघत उभी राहिली. पुढचा कुठला आणि मागचा कुठला, यावरच दोघांचं जुंपलं.

तालिबने केदारसमोर हात पुढे केला. "झगा."

"हां. हो." केदारने झगा उतरवला. "तालिब, मी जे बोललो..."

"प्रयोगानंतर बोल. सगळ्यांसमोर बोललास, सगळ्यांसमोर परत घे." त्याने झगा खांद्यावर टाकला. "आणि घोडा इंद्रजीतदादा जोडतील. दुसऱ्या कुणी आवळलेल्या बोल्टवर मी बसत नाही."

"त्याने तुला दिवसभर चोर होऊ दिलं."

"माझ्याशी वाईट वागले ते. घोड्याशी नाही."

इंद्रजीतने चपला विंगेत काढल्या, खिशातून पाना काढला आणि गुडघ्यावर बसला. दुसऱ्या घंटेला मान बसली. तिसऱ्या घंटेला शेवटचा पाय. तालिबने रिकिबीत पाय ठेवला, घोडा करकरला आणि उभा राहिला.

कादंबरी आणि केयूर मागच्या रांगेत उभे होते. शेवटच्या प्रवेशात राजाने विचारलं, तीन वेळा धनी बदललेल्या माणसावर विश्वास का ठेवू?

गिलेमने खोगिरावरून उत्तर दिलं. "महाराज, मी कुठेही गेलो नाही. माझा किल्ला जिथे होता तिथेच आहे. तुमच्या सीमा माझ्या अंगावरून येत-जात राहिल्या."

प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. पुण्यात ही मोठी गोष्ट.

पहिलं बक्षीस मिळालं. केदारने करंडक हातात घेऊन माफी मागितली, माइकवर, आणि थोडी लांबवलीसुद्धा. पुढे त्याला मालिका मिळाली. लेखकाने वेगळा ग्रुप काढला. त्या ग्रुपचेही दोन झाले.

केयूरला हे कळलं तेव्हा त्याने स्कूटर बाजूला घेतली. "ताई, म्हणजे इंद्रजीतचं बरोबर होतं."

"अंदाज बरोबर होता."

"मग जुन्या ग्रुपमध्ये आता उरलं कोण?"

"इंद्रजीत आणि तालिब. नव्या नाटकाच्या तालमी चालू आहेत."

"दोघांच्या?"

"घोडा धरून तिघांच्या."